आधी काय खराब होणार?

फ्रिज उघडला तर आत जागा नाही. वाटीत झाकलेलं कालचं वरण, डब्यात परवाची कोबीची भाजी, खालच्या खणात पिवळी पडत चाललेली मेथीची जुडी, दारात अर्धं लिंबू, वर बर्फाच्या कप्प्यात कधी ठेवली ते कुणालाच आठवत नाही अशी मटारची पिशवी. आणि तरीही संध्याकाळी साडेसात वाजता अनेक घरांत तोच संवाद होतो. "आज काय करायचं?" "घरात काहीच नाही." मग बाहेरून काहीतरी मागवलं जातं आणि दोन दिवसांनी मेथी, वरण, भाजी असं सगळं कचऱ्याच्या डब्यात जातं. गच्च भरलेल्या फ्रिजसमोर उभं राहून माणसाला घर रिकामं का वाटावं?

या कोड्याची दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात, आळस आणि उधळेपणा. दोन्ही अपुरी आहेत. फ्रिज भरणारा माणूस आळशी नसतो. तो रविवारी मंडईत जातो, भाव करतो, पिशव्या वाहून आणतो. आणि उधळा असता तर त्यानं वाटीभर वरण झाकून ठेवलंच नसतं. गोची आहे ती प्रश्नात. ‘आज काय खावंसं वाटतं?’ असं विचारलं की उत्तर डोक्यातून येतं, मग त्या पदार्थाला लागणाऱ्या वस्तूंची शोधाशोध होते आणि त्यातली एखादी नसली तरी घर रिकामं ठरतं. ‘घरातलं आधी काय खराब होणार?’ असं विचारलं तर उत्तर फ्रिजमधूनच येतं आणि पदार्थ त्याच्यामागून ठरतो. काटकसरीच्या स्वयंपाकाचं जवळजवळ सगळं नियोजन या दुसऱ्या प्रश्नावर उभं राहू शकतं, असा या लेखाचा दावा आहे. तो तपासायचा तर आधी अन्न कशानं आणि किती वेगानं बिघडतं, हे पाहावं लागेल.

पैसे नेमके कुठे जातात

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबांच्या मासिक खर्चातला सुमारे ४० टक्के वाटा अन्नाचा आहे. ग्रामीण भागात तो ४७ टक्क्यांच्या आसपास जातो. पण शहरातल्या एकूण खर्चात भाज्यांचा हिस्सा जेमतेम ४ टक्के आहे, तर पेयं आणि तयार किंवा प्रक्रिया केलेलं अन्न यांचा ११ टक्के. म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये कमी व्हावेत म्हणून केलेली घासाघीस एका रात्रीच्या पार्सलमध्ये वाहून जाते. उरलेल्या वाटीभर वरणात डाळ, तेल, गॅस धरून फार तर दहा-पंधरा रुपयांचा ऐवज असेल. तेवढ्यासाठी कशाला जीव टाकायचा, असं कुणी म्हटलं तर हिशेबानं ते बरोबरच आहे. मात्र त्या वरणाची खरी किंमत त्यातल्या डाळीवर ठरत नाही. त्याच्यामुळे जे पार्सल आलं नाही, त्या पार्सलाएवढी ती असते. उरलेलं अन्न, फ्रीझरमधला साठा आणि हंगामी भाजी या तिन्हींकडे या नजरेनं पाहायला हवं.

दुसरा आकडा वाया जाणाऱ्या अन्नाचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला ६० टक्के भाग घरांमधला होता. हॉटेलं आणि दुकानं मागे राहिली. भारतातल्या घरांसाठी याच अहवालाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. हा आकडा जरा जपून वापरायला हवा, कारण त्यात केळ्याची सालं, हाडं, कोयी असा न खाण्याजोगा भागही धरलेला असतो. आपल्याकडे भाजी घरीच निवडतात, त्यामुळे देठं-सालं घरातल्या कचऱ्यात येतात. तरी ते सगळं वजा करूनही बरंच काही उरतं.

तोडलेली भाजी श्वास घेत असते

जुडी घरी आणली म्हणजे ती मेली, असं आपण धरून चालतो. पण शेतातून तोडल्यावरही भाजीच्या पेशी जिवंत असतात. त्या हवेतला ऑक्सिजन घेतात, साठवलेली साखर जाळतात आणि उष्णता व वाफ बाहेर टाकतात. फरक एवढाच की आता मुळांकडून नवा पुरवठा येत नाही, त्यामुळे जे आहे ते संपत जातं. ज्या भाजीचा हा श्वास वेगवान, ती लवकर सुकते. मेथी, पालक, कोथिंबीर, भेंडी, मटार ही वेगानं जळणारी मंडळी. पानांचा पृष्ठभाग मोठा आणि जाडी नगण्य, म्हणून पाणीही त्यांच्यातूनच आधी उडतं. कोबी आणि गाजर त्या मानानं संथ. कांदा, बटाटा, सुरण, लाल भोपळा हे तर झाडानं पुढच्या मोसमापर्यंत टिकावेत म्हणूनच घडवलेले अवयव किंवा जाड सालीची फळं, त्यामुळे ती महिना-महिना दम धरतात.

आठवड्याचा क्रम यातून आपोआप निघतो. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, मग भेंडी, गवार, वांगी, नंतर फ्लॉवर, दुधी, गाजर, कोबी आणि शेवटच्या दोन दिवसांत भोपळा, बटाटा किंवा कडधान्य. बहुतेक घरांत याच्या उलट घडतं. पालेभाजी निवडायला वेळ लागतो म्हणून ती मागे ढकलली जाते, बटाटा सोपा म्हणून सोमवारीच संपतो, आणि शुक्रवारी काळी पडलेली मेथी तेवढी उरते. पालेभाजी आणल्या संध्याकाळीच निवडून, न धुता, कापडात गुंडाळून ठेवली तर निम्मी अडचण तिथेच सुटते, कारण पुढे ढकलण्याचं मुख्य कारण चव नसून निवडणं असतं.

सगळं फ्रिजमध्ये कोंबल्यानं मात्र सगळंच टिकत नाही. भेंडी, वांगं आणि काकडी या उष्ण हवेतल्या भाज्या. साधारण १० अंशांच्या खाली बरेच दिवस राहिल्या की त्यांच्या पेशींची आवरणं दुखावतात, सालीवर खड्डे आणि काळे डाग पडतात. दोन-तीन दिवस कागदात गुंडाळून खालच्या खणात चालतं, आठवडा नाही. बटाटा फ्रिजमध्ये ठेवला तर त्यातल्या पिठाची साखर होते आणि काचऱ्या तळताना लवकर काळ्या पडतात. पिकलेली केळी, आंबे आणि टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात. फळं पिकवणारा हा वायू शेजारच्या पालेभाजीला पिवळी पाडतो, म्हणून त्यांची जागा वेगळी.

भात रात्रीतून कडक का होतो

उरलेल्या अन्नात आपल्याकडे पहिला मान भाताचा आणि पोळीचा. दोन्हींत मुख्य घटक पिष्ट, म्हणजे स्टार्च. तांदळाच्या दाण्यात हे पिष्ट घट्ट बांधलेल्या कणांच्या रूपात असतं. शिजताना ६५-७० अंशांच्या पुढे कण फुगतात, पाणी आत शिरतं आणि पिष्टाच्या लांब साखळ्या मोकळ्या होतात. गरम भात मऊ लागतो तो यामुळे. थंड होताना मधली सुट्टी संपल्यावर मुलं पुन्हा रांगेत उभी राहावीत तशा या साखळ्या एकमेकींशेजारी येऊन बसतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. दाणा कडक होतो, पण एकमेकांना चिकटलेले दाणे सुटेही होतात. फोडणीच्या भाताला म्हणूनच कालचा भात लागतो. ताज्या भाताची फोडणी लगद्यासारखी होते.

गंमत अशी की ही रांगेत बसण्याची क्रिया शून्याच्या किंचित वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानाला सगळ्यांत वेगानं होते. पोळी फ्रिजमध्ये ठेवली की डब्यात ठेवलेल्या पोळीपेक्षा ती लवकर वातड होते ती यामुळे. एका रात्रीपुरती पोळी कापडात गुंडाळून डब्यातच बरी. चार-आठ दिवस ठेवायची असेल तर थेट फ्रीझरमध्ये, कारण पाणी गोठल्यावर साखळ्यांना हलायलाच जागा राहत नाही. वाफ दिली की साखळ्यांची बरीचशी बांधणी पुन्हा सुटते. शिळ्या पोळीचा कुस्करा करताना तुकड्यांवर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतात, त्यामागचं कारण हेच. आपल्याकडचे शिळ्या पोळी-भाकरी-भाताचे सगळे पदार्थ पाहा. कुस्करा, ताकात मोडलेली भाकरी, गूळ-तूप घालून वळलेला पोळीचा लाडू, शिळ्या भाताचं थालीपीठ. प्रत्येकात दाणा किंवा तुकडा आधी बारीक होतो आणि मग त्याला ओल, वाफ किंवा स्निग्धता मिळते. कडक झालेलं पिष्ट पुन्हा खाण्याजोगं करायचे मार्ग मोजकेच आहेत, आणि ते सगळे आपल्या स्वयंपाकघरांनी रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता शोधले.

गरम केल्यानं सगळं मरत नाही

चवीचा प्रश्न सोपा, धोक्याचा जरा अवघड. ‘पुन्हा चांगलं उकळलं की झालं’ हा समज भाताच्या बाबतीत खोटा आहे. तांदळावर मातीतून आलेल्या बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूनं कठीण काळासाठी घेतलेलं जाड कवचाचं रूप. उकळत्या पाण्याच्या तापमानाला ते मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही प्रकार उलट्या घडवणारं विष तयार करतात. हे विष कुकरच्या तापमानालाही टिकतं. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी कडकडीत गरम केला तर जिवाणू मरतील, विष राहील. त्यात सकाळी दही कालवूनही उपयोग नाही. रात्रीच, भात निवल्याबरोबर दही घालून फ्रिजमध्ये ठेवला असता तर आंबटपणा आणि गारवा दोघांनी मिळून वाढ रोखली असती. तोच पदार्थ, तेच दही, फरक फक्त वेळेचा.

साधारण ५ ते ६० अंश हा पट्टा जिवाणूंना सोयीचा. शिजलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही, असा नियम सांगितला जातो. विदर्भातला मे महिना डोळ्यांसमोर आणला तर एक तासही उदारच वाटेल. इथे पातेल्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. भातासारख्या घट्ट पदार्थाच्या थराची जाडी दुप्पट झाली की मधला भाग निवायला जवळपास चौपट वेळ लागतो. म्हणून खोल पातेल्यात झाकून ठेवलेला भात वरून गार आणि आत कोमट राहतो. जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरायचा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून आत ठेवायचा. अन्न पूर्ण गार होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नये, असं मानत ते तीन-चार तास बाहेर ठेवणं हे फ्रिजला होणाऱ्या त्रासापेक्षा कितीतरी महागात पडू शकतं.

चौकट : किती दिवस?
(फ्रिज ५ अंश किंवा त्याखाली, फ्रीझर उणे १८ अंश धरून)

शिजवलेला भात : फ्रिजमध्ये १ दिवस, एकदाच पूर्ण गरम करावा.
वरण, उसळ, सुकी भाजी : फ्रिजमध्ये ३ दिवसांपर्यंत. नारळाचं वाटण घातलेली असेल तर आधी संपवावी.
उकडलेली कडधान्यं : फ्रिजमध्ये ३ दिवस, फ्रीझरमध्ये २-३ महिने.
पोळ्या : फ्रीझरमध्ये महिनाभर, मध्ये कागद घालून.
मटार, पावटा, तुरीचे दाणे : उकळत्या पाण्यातून काढून गोठवल्यास ८-१० महिने.
खवलेला ओला नारळ, वाटण : फ्रीझरमध्ये २-३ महिने. पुढे खवट होतो.

बर्फाच्या कप्प्यात काय घडतं

गोठवल्यानं जिवाणू मरत नाहीत, ते थांबतात. पिशवी बाहेर काढून ओट्यावर चार तास ठेवली की ते पुन्हा कामाला लागतात. म्हणून गोठलेला पदार्थ एक तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचा किंवा थेट कढईत टाकायचा. दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भाजीच्या पेशीत पाणीच पाणी, त्यामुळे बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात. काकडी, मुळा, कोशिंबिरीचं गाजर विरघळल्यावर लिबलिबीत होतं ते त्यामुळे. जे पुढे शिजायचंच आहे किंवा वाटायचंच आहे, त्याचं यात काही बिघडत नाही. टोमॅटोची प्युरी, आमरस, कैरीचा गर, आलं-लसणाचं वाटण हे सुखानं राहतात. रश्शातला बटाटा मात्र स्पंजासारखा होतो, दही फुटतं आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो.

मटार नुसते सोलून गोठवले तर दोन महिन्यांनी त्यांना गवताचा वास का येतो? दाण्यात एन्झाइम असतात, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. थंडीत त्यांचं काम मंदावतं, पण थांबत नाही. दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकलं की त्यांचा बंदोबस्त होतो. मग दाणे कापडावर कोरडे करून पिशवीत पातळ, सपाट थरात भरावेत आणि हवा दाबून काढावी. पातळ थर लवकर गोठतो, स्फटिक लहान राहतात, आणि हवे तेवढे दाणे मोडून घेता येतात. पिशवीवर नाव आणि तारीख लिहायलाच हवी. ती नसेल तर फ्रीझर म्हणजे कचऱ्याच्या वाटेवरचा लांबचा थांबा.

फ्रीझरची जागा घरातली सगळ्यांत महाग जागा, तेव्हा तिथे काय ठेवायचं याला निकष हवा. एक तर जे ठरावीक मोसमातच स्वस्त मिळतं ते, किंवा ज्यानं थकलेल्या संध्याकाळी अर्धा तास वाचतो ते. उकडलेले छोले, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, सोललेल्या डाळिंब्या दुसऱ्या निकषात बसतात. दुपारी उरलेली अर्धी वाटी भाजी कुठल्याच निकषात बसत नाही. ती रात्रीच्या थालीपिठात जायला हवी. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत जाईलच असं नाही, त्यामुळे चौकटीतले महिने तिथे आठवडेच समजावेत. वीज गेली तर दार उघडू नये. गच्च भरलेला चांगला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत तग धरतो, अर्धा भरलेला सुमारे एक दिवस, खालचा फ्रिज मात्र चारच तास. बाहेरगावी जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जावं. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं विरघळून पुन्हा गोठलं हे उघड आहे.

हंगामाचा भाव

हंगामातली भाजी स्वस्त का, याचं उत्तर तिच्या टिकण्यात दडलेलं आहे. एकाच वेळी सगळ्या शेतांतून माल येतो आणि तो थांबू शकत नाही, म्हणून विकणाऱ्यालाही थांबता येत नाही. जानेवारीत मटार, गाजर, वालपापडी, पावटा, हरभऱ्याचे घाटे, वांगी एकदमच उतरतात, आणि भोगीची भाजी नेमकी याच मिसळीची असते. तीळ आणि बाजरीची भाकरी सोडली तर ती त्या आठवड्यातल्या बाजाराची यादीच म्हणायची. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, भारंगी, कर्टोली येतात, आणि त्याच दिवसांत शेतातला टोमॅटो पावसानं सडतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला २०० रुपयांच्या वर गेला, आणि केंद्र सरकारला सहकारी संस्थांमार्फत सवलतीच्या दरात तो विकावा लागला.

मग फेब्रुवारीत स्वस्त टोमॅटोची प्युरी करून ठेवावी का? आठवड्याला किलोभर टोमॅटो लागणाऱ्या घरात पावसाळ्याच्या तीन महिन्यांची प्युरी म्हणजे बारा किलो टोमॅटोंची. एवढ्यानं साधा फ्रीझर भरून वाहील. इथे फ्रीझरपेक्षा आमसुलाचा डबा कामाला येतो. आमटीला आंबटपणा हवा असतो, आणि तो कोकम, चिंच, कैरीच्या फोडी, ताक यांतून मिळतो. आपल्या उन्हाळी वाळवणाचा अर्थच असा की पाणी काढून टाकलं की गोठवायची गरज उरत नाही. सांडगे, कुरडया, आमसुलं यांना वीज लागत नाही.

मटारचं गणित वेगळं, पण तेही घालूनच पाहायला हवं. समजा शेंगा ४० रुपये किलो आहेत. किलोभर शेंगांत दाणे निघतात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दाणे पडले ८० ते १०० रुपये किलो. तयार गोठवलेल्या पाकिटाचा भाव यापेक्षा थोडाच जास्त असेल तर पाच किलो शेंगा सोलण्यात हशील नाही. भाव २० वर आला की आहे. कांद्याचंही असंच. मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. साठवायचा तो पहिला, हवेशीर टोपलीत आणि बटाट्यांपासून दूर.

उरणं आधीच ठरवलेलं

आता आठवड्याची मांडणी. बहुतेक जण रविवारी बसून सात दिवसांच्या चौदा जेवणांची यादी करतात आणि बुधवारी ती मोडते, कारण कुणी बाहेर जेवून येतं, कुणाचा उपास निघतो. यादीपेक्षा साखळी जास्त टिकते. तिचा उत्तम नमुना म्हणजे दूध. विरजण लावलं की दही, घुसळलं की ताक आणि लोणी, ताक आंबट झालं की कढी, लोणी कढवलं की तूप आणि तळाशी बेरी. प्रत्येक टप्प्यावर पदार्थ ‘बिघडतो’, आणि प्रत्येक बिघाडाला पुढचा पदार्थ ठरलेला असतो. पुरणपोळीच्या दिवशी कटाची आमटी होते तीही अशीच. डाळ उकडलेलं पाणी उरणार हे डाळ टाकतानाच माहीत असतं आणि त्याची जागा पानात आधीच धरलेली असते.

रोजच्या जेवणाला हीच रीत लावता येते. डाळ शिजवताना दुप्पट टाकायची, पण फोडणी निम्म्याचीच करायची. बिनफोडणीचं साधं वरण उद्या आमटी होऊ शकतं, परवा वरणफळं. एकदा चिंच-गूळ पडला की वाट एकच उरते. मटकी दुप्पट भिजवायची. निम्मी आज उसळीत, निम्मी उकडून फ्रीझरमध्ये पुढच्या मिसळीसाठी. भाजीत मीठ-तिखट जरा बेतानं ठेवलं की ती थालीपिठात किंवा पराठ्यात खपते. दोडक्याच्या शिरा, दुधीची साल, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे यांच्या चटण्या-भाज्या होतात हे सर्वांना माहीत असतं, पण त्या निवडतानाच बाजूला काढल्या तरच होतात. थोडक्यात, निर्णय पातेलं गॅसवर असताना घ्यायचा. जेवणानंतर वाटी हातात धरून विचार करायला लागलं की बहुधा ती वाटी फ्रिजच्या मागच्या बाजूला जाते.

व्यवहारात एवढंच पुरतं: फ्रिजमध्ये डोळ्यांच्या पातळीवरचा एक खण ‘आज-उद्या’साठी राखायचा, आणि स्वयंपाकाला सुरुवात त्या खणापासून करायची. तो रिकामा असेल तर खालचा भाजीचा खण, तिथेही काही नसेल तर फ्रीझर, आणि शेवटी कडधान्यांचे डबे. आठवड्यातला एक दिवस, बाजाराच्या आदला, काहीही न ठरवता मोकळा ठेवावा. त्या दिवशी जे आहे त्याची खिचडी, भाजणीचं थालीपीठ किंवा मिसळीच्या भाज्या.

आक्षेपांची बाजू

पहिला आक्षेप संस्कारांचा. शिळं खाऊ नये, असं भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायापासून आजीच्या बोलण्यापर्यंत सगळीकडे आहे. फ्रिज नसलेल्या उष्ण प्रदेशात हा नियम अगदी शहाणपणाचा होता आणि ओट्यावर राहिलेल्या भाताला तो आजही लागू आहे. पण त्याच परंपरेत शीतला सप्तमीला चूल पेटवत नाहीत आणि आदल्या दिवशी रांधलेलं खातात, प्रवासाला दशम्या बांधून देतात. दशमीत पाण्याऐवजी दूध असतं, कारण ती टिकवायची असते. म्हणजे अन्न किती तासांचं आहे याइतकंच ते कसं ठेवलं होतं याकडेही लक्ष होतं. पाच अंशांवर ठेवलेलं कालचं वरण आणि पस्तीस अंशांवर ठेवलेलं कालचं वरण यांना एकाच पारड्यात घालता येत नाही.

दुसरा आक्षेप जीवनसत्त्वांचा. गोठवताना आणि उकळत्या पाण्यातून काढताना क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, हे खरं. पण तोडल्यापासून तीन-चार दिवस बाजार समिती, टेम्पो आणि हातगाडी असा प्रवास केलेल्या ‘ताज्या’ मटारमधूनही ते जातच असतं. हंगामात ताजं, हंगामाबाहेर गोठवलेलं, इतका साधा निवाडा पुरेसा आहे. विजेच्या खर्चाचं म्हणाल तर घरातला फ्रिज तसाही चालू असतो. वेगळा डीप फ्रीझर घ्यायचा विचार असेल तर त्याच्या लेबलवर छापलेली वार्षिक युनिटं आपल्या विजेच्या दरानं गुणून पाहावीत. चौघांच्या घरात तो खर्च मटारच्या बचतीतून सहसा निघत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार, आणि त्याचं उत्तर पाककृतीत नाही. असंख्य घरांत उरलेल्या अन्नाचं ‘नियोजन’ म्हणजे सगळ्यांची जेवणं झाल्यावर घरातल्या बाईनं ते संपवणं. ताज्या पोळ्या इतरांना, कालची तिला. यात बचत होते, पण ती एकाच माणसाच्या ताटातून वजा झालेली असते. तेच सोलण्या-निवडण्याच्या वेळेचं. पाच किलो मटार सोलायचे तास हिशेबात शून्य रुपयांना धरले की कुठलीही काटकसर फायद्याची दिसते. म्हणून उरलेल्याचा नवा पदार्थ सगळ्यांच्या पानात वाढला गेला पाहिजे आणि शेंगा टीव्हीसमोर सगळ्यांनी बसून सोलल्या पाहिजेत. ज्या घरात हे शक्य नाही तिथे तयार पाकीट आणणं हाच खरा हिशेबी निर्णय आहे.

राहिला टाकून देण्याचा प्रश्न. नियोजन कितीही नीट असलं तरी काही ना काही जाणारच, आणि संशय आला तर ते गेलेलंच बरं. मेमधल्या रात्री बाहेर राहिलेला भात डाळ-तांदळाचे भाव आठवून खाऊ नये. त्याचे पैसे तो शिजला तेव्हाच गेले. फक्त टाकताना फ्रिजच्या दारावरच्या कागदावर एक ओळ लिहावी: काय, किती. महिन्याभरात त्या कागदावर ‘भात, एक वाटी’ पाच वेळा दिसला, तर रोजच्या मापातून अर्धी वाटी तांदूळ कमी करायचा.